अर्ज वाढले म्हणजे आळस वाढला का?

अमेरिकेत दर गुरुवारी सकाळी एक आकडा जाहीर होतो. मागच्या आठवड्यात किती लोकांनी बेरोजगारी भत्त्यासाठी नव्याने अर्ज केले, याचा तो आकडा. शेअर बाजारापासून वृत्तवाहिन्यांपर्यंत सगळे त्याकडे डोळे लावून बसलेले असतात. २००९च्या मार्चमध्ये, मंदी ऐन भरात असताना, तो आठवड्याला साडेसहा लाखांच्या वर गेला होता. २०२०च्या मार्चअखेरीस, करोनाच्या टाळेबंदीत, एकाच आठवड्यात साठ लाखांहून अधिक अर्ज आले. त्याआधीचा विक्रम १९८२ सालचा होता आणि तो सात लाखांच्याही आत होता.

असा आकडा वाढला की समाजात दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली भीतीची असते: उद्या आपली पाळी तर नाही ना? दुसरी संशयाची: भत्ता मिळतोय म्हणूनच लोक घरी बसत असतील. गंमत म्हणजे या दोन्ही प्रतिक्रिया बऱ्याचदा एकाच माणसाच्या तोंडून, एकाच संध्याकाळी ऐकू येतात. अर्थकारणाबद्दल बोलणारे पुष्कळ जण आहेत. मी डॉक्टर म्हणून या आकड्याकडे आरोग्याचा आकडा म्हणून पाहतो, आणि त्या दुसऱ्या प्रतिक्रियेबद्दल मला थोडे बोलायचे आहे. कारण संशयाचेही शरीरावर परिणाम होतात आणि ते मोजता येतात.

आधी हा भत्ता काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेतील बेरोजगारी भत्ता हा विमा आहे. मालक पगारपत्रकावर त्यासाठी कर भरतो आणि प्रत्येक राज्य आपापली योजना चालवते. बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे, पूर्वीच्या पगाराच्या साधारण निम्मी रक्कम, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळते. ज्याने आधी काम केलेलेच नाही, त्याला तो मिळत नाही. स्वतःहून, सबळ कारणाशिवाय नोकरी सोडणाऱ्यालाही सहसा मिळत नाही. शिवाय भत्ता घेत असताना काम शोधत राहावे लागते. म्हणजे अर्जांची संख्या वाढली याचा अर्थ कालपर्यंत कामावर जाणारी माणसे आज कामावर नाहीत, एवढाच. ताप वाढला म्हणून कोणी थर्मामीटरवर चिडत नाही. इथे मात्र नेमके तसेच होते.

नोकरी जाते तेव्हा शरीरात काय होते?

डॅनियल सुलिव्हन आणि टिल फॉन वाख्टर या अर्थतज्ज्ञांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील कामगारांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० आणि १९८०च्या दशकांत तिथले अनेक कारखाने बंद पडले किंवा त्यांनी मोठी कामगारकपात केली. बरीच वर्षे एकाच ठिकाणी काम केलेल्या पुरुषांची अशी नोकरी गेली, तेव्हा लगेचच्या वर्षात त्यांचा मृत्युदर अपेक्षेपेक्षा ५० ते १०० टक्क्यांनी जास्त आढळला. काळ गेला तसा धोका कमी झाला, पण वीस वर्षांनंतरही तो १० ते १५ टक्क्यांनी जास्तच होता. बरे, ही माणसे आधीपासून आजारी होती म्हणून त्यांना काढले, असे म्हणावे तर कपात घाऊक झालेली होती.

हे कशामुळे होते? एकच कारण नाही. झोप बिघडते. रक्तदाब चढतो. तंबाखू आणि दारू वाढते. औषधे पुरवून पुरवून घेतली जातात. रोजची गोळी एक दिवसाआड होते, मग संपल्यावर पुन्हा आणायची राहून जाते. अमेरिकेत आणखी एक अडचण आहे. तिथे कामाच्या वयातील बहुसंख्य लोकांचा आरोग्य विमा नोकरीशी जोडलेला असतो. नोकरी गेली की डॉक्टरही गेला. ज्या महिन्यात माणसाला उपचारांची सर्वाधिक गरज, त्याच महिन्यात दवाखान्याचे दार बंद होते.

मनावरचा परिणाम तर त्याहून थेट आहे. डेव्हिड स्टक्लर, संजय बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० ते २००७ या काळातील २६ युरोपीय देशांची आकडेवारी अभ्यासली. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. बेरोजगारीचा दर एक टक्क्याने वाढला की ६५ वर्षांखालील लोकांतील आत्महत्या सुमारे ०.७९ टक्क्यांनी वाढत होत्या. पण या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जे देश बेरोजगारांना प्रशिक्षण देणे, नवे काम मिळवून देणे यांवर जास्त खर्च करत होते, तिथे हा संबंध क्षीण होत जात होता. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेरोजगारी झपाट्याने वाढली, तरी आत्महत्या वाढल्या नाहीत. म्हणजे नोकरी जाणे अटळ असेल, पण त्यातून होणारे नुकसान अटळ नाही. समाज त्या माणसाशी कसा वागतो, यावर बरेच अवलंबून असते.

चार लोकांच्या नजरेचे रसायन

तणावाखाली शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते, हे आता अनेकांना माहीत आहे. पण कोणत्या प्रकारच्या तणावात ते सर्वाधिक वाढते? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उत्तर असे मिळाले की, काम नुसते अवघड असून चालत नाही. परिस्थिती आपल्या हाताबाहेर असेल आणि त्याच वेळी इतर लोक आपले मोल ठरवत असतील, तर कॉर्टिसॉल सर्वाधिक चढते आणि खाली यायलाही सर्वाधिक वेळ घेते.

आता बेरोजगार माणसाची स्थिती आठवा. कंपनी बंद पडणे त्याच्या हातात नव्हते. नवे काम मिळणे त्याच्या हातात नाही. आणि शेजारी, नातेवाईक, टीव्हीवरची चर्चा, सगळे त्याचे मोल ठरवत आहेत. प्रयोगशाळेत हा तणाव काही मिनिटांचा असतो. त्याच्या आयुष्यात तो महिनोन्‌महिने चालतो.

या नजरेची एक जुनी नोंद ऑस्ट्रियात सापडते. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गाव होते. सगळे गाव एका कापड गिरणीवर जगत असे. १९२९-३०च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल या तरुण संशोधकांनी तिथे जाऊन गावाचे जगणे टिपले. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास आजही वाचला जातो. त्यांना वाटले होते, रिकामा वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, सभांना जातील. झाले उलटे. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तके नेणारे घटले. रस्त्यावर चालणाऱ्या पुरुषांचा वेग मंदावला. ते वाटेत पुन्हा पुन्हा थांबू लागले. बायकांची पावले मात्र तशी मंदावली नव्हती, कारण घरचे काम संपलेले नव्हते. ज्याला आपण आळस म्हणतो, तो बऱ्याचदा असा दिसतो. पण तो बेरोजगारीचे कारण नसतो, तिचे लक्षण असते.

त्या गावातही भत्ता मिळत असे, आणि नियम कडक होते. एका माणसाने बाजा वाजवून चार पैसे मिळवले म्हणून त्याचा भत्ता बंद झाला. दूध पोहोचवून मुलांसाठी थोडे दूध घेणाऱ्या बाईचाही बंद झाला. अमुक माणूस चोरून काम करतो, अशा शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढत गेल्या. आणि तपासाअंती खऱ्या ठरणाऱ्या तक्रारींचे प्रमाण मात्र घटत गेले. गावात फसवणूक नव्हे, संशय वाढला होता.

पण भत्त्याने माणूस सुस्तावत नाही का?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. भत्ता लांबला की नोकरीचा शोधही थोडा लांबतो, हे खरे. थोडा म्हणजे किती? २००८च्या मंदीनंतर अमेरिकेने भत्त्याची मुदत काही राज्यांत ९९ आठवड्यांपर्यंत वाढवली, तेव्हा खूप टीका झाली. जेसी रॉथस्टीन या अर्थतज्ज्ञाने हिशेब मांडला. २००९च्या ऑक्टोबरमध्ये बेरोजगारी दहा टक्क्यांवर गेली होती. त्यानंतरच्या काळात मुदतवाढीमुळे हा दर फार तर ०.१ ते ०.५ टक्के एवढाच जास्त राहिला. त्यातही मोठा वाटा अशांचा, ज्यांनी भत्त्यामुळे काम शोधणे सोडून दिले नाही.

२०२१च्या उन्हाळ्यात याचीच जणू चाचणी झाली. अमेरिकेच्या निम्म्या राज्यांनी करोनाकाळातील वाढीव भत्ता मुदतीआधी बंद केला. लोक कामावर परततील, ही अपेक्षा. बँक व्यवहारांवरून केलेल्या एका अभ्यासात दिसले की, ज्यांचा भत्ता गेला अशा दर आठ जणांमागे त्या काळात जेमतेम एकाला काम मिळाले. घरखर्चात मात्र मोठी कपात झाली.

आता दुसरी बाजू. करोनाकाळात नोकरी गेलेल्या अमेरिकी लोकांमध्ये, ज्यांना भत्ता मिळाला त्यांच्यात अन्नाची चणचण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. १९६८ ते २००८ या काळातील राज्यनिहाय आकडेवारीत, भत्ता उदार असलेल्या राज्यांत बेरोजगारी आणि आत्महत्या यांचा संबंध सौम्य आढळला. असा परिणाम दाखवणारी गोळी असती, तर आम्ही डॉक्टरांनी ती नक्कीच लिहून दिली असती. थोडी सुस्ती आणणारा दुष्परिणाम सांगून, पण लिहून दिली असती.

आणि एक गोष्ट या वादात हमखास विसरली जाते. अमेरिकी सरकारच्या २०१८च्या पाहणीत, आदल्या बारा महिन्यांत काम केलेल्या बेरोजगारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी भत्त्यासाठी अर्जच केला नव्हता. आपण पात्र नाही, अशी बहुतेकांची समजूत होती. गर्दी दिसते ती खिडकीसमोरची. खिडकीपर्यंत न आलेले कुठल्याच गुरुवारच्या आकड्यात नसतात.

हे सगळे आपल्याला कशाला?

आपल्या अनेक घरांतील मुले-मुली अमेरिकेत आहेत. एच-वन-बी व्हिसावरच्या व्यक्तीची नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला साधारणपणे साठ दिवस मिळतात. भत्ताही बहुधा मिळत नाही. अशा काळात पुण्या-नाशिकच्या आईवडिलांचा रोजचा फोन ‘काही झालं का?’ एवढ्यावरच येऊन थांबत असेल, तर तो आधार राहत नाही. ती तपासणी होते. जेवणाचे विचारा, झोपेचे विचारा, नातवंडांचे विचारा. नोकरीचे ते आपणहून सांगतील.

आपल्याकडेही अशी सोय अगदीच नाही असे नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त ९० दिवस मदत, अशी तिची रचना. २०२० मध्ये ही मदत सरासरी मजुरीच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केली गेली. ज्यांच्या पगारातून ‘ईएसआय’ कापला जात होता, त्यांनी काम सुटल्यावर शाखा कार्यालयात जाऊन आपला हक्क आणि सध्याचे नियम विचारावेत. संकोच करू नये. वर्गणी भरलेल्या विम्याचा दावा करताना अपघातग्रस्त गाडीचा मालक कधी लाजतो का?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत ‘काय काम करता?’ या प्रश्नाला ‘सध्या सुट्टीवर आहे’ असे उत्तर मिळते, तेव्हा पुढचे दोन प्रश्न विचारावे लागतात: सुट्टी कधीपासून, आणि गोळ्या रोज घेता का? नियंत्रणात असलेली साखर किंवा रक्तदाब अचानक बिघडण्यामागे पुष्कळदा गेलेली नोकरी असते, आणि ती कुठल्याही रक्त तपासणीत दिसत नाही. म्हणून रुग्णांनाच विनंती आहे. काम सुटले असेल तर डॉक्टरांना सांगा. महाग औषधाला स्वस्त पर्याय बहुतेक वेळा असतो. मनाने औषध बंद करण्याला मात्र चांगला पर्याय नाही.

घरच्यांनीही काही खुणांकडे लक्ष ठेवावे. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, लोकांना भेटणे टाळणे, दारू वाढणे, ‘माझा भार झालाय’ असे बोलणे. हे शेवटचे वाक्य कधीही हसण्यावारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नका, थेट आणि शांतपणे विचारा, आणि रुग्णालयात घेऊन या. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो. उठण्याची वेळ, रोजचे चालणे, दिवसातून एकदा घराबाहेर कोणाशी तरी बोलणे, एवढे तरी मोडू देऊ नका. नोकरी पगाराबरोबर दिवसाला आकारही देत असते, हे मारी याहोदा यांनी पुढे आयुष्यभर मांडले.

पुढच्या वेळी भत्त्याच्या अर्जांचा आकडा वाढल्याची बातमी येईल, मग ती कुठल्याही देशाची असो, तेव्हा तिच्याकडे वॉर्डातील तापाच्या नोंदींसारखे पाहावे. नोंदी अचानक वाढल्या तर आम्ही रुग्णांच्या दानतीची चौकशी करत नाही. पाणी तपासतो, डास तपासतो, खाटा वाढवतो. आणि जे अजून आलेले नाहीत त्यांना शोधायला माणसे पाठवतो.