काटा चढतो आणि बेल्ट ओरडतो

जुनी मारुती 800 गॅरेजमध्ये येते तेव्हा मालक बहुधा दोन तक्रारी वेगवेगळ्या सांगतात. सकाळी स्टार्ट केली की पुढून चीं-चीं आवाज येतो, ही एक. घाटात टेंपरेचरचा काटा वर जातो, ही दुसरी. माझं गॅरेज वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी आहे. इथून पाचगणी जेमतेम 12 किलोमीटर, पण तेवढ्यात रस्ता सुमारे 600 मीटर उंची गाठतो. मे महिन्यात माणसांनी आणि सामानानं भरलेल्या गाड्या एसी लावून हा चढ घेतात, तेव्हा जुन्या इंजिनाचं दुखणं लपत नाही. वडिलांच्या काळात या रस्त्याला पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडर बॉनेट उघडून उभ्या असायच्या. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे: या दोन तक्रारी एकाच गाडीत आल्या, तर त्यांचं मूळ एकच आहे असं धरून तपासाला लागावं.

कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. 800 च्या 796 सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या पुलीवरून एक व्ही-बेल्ट निघतो. तोच वॉटर पंप फिरवतो आणि तोच अल्टरनेटर. बेल्ट घसरला की पंप मंदावतो, इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे पुरेसं जात नाही आणि काटा चढतो. चार्जिंगही कमी होतं, म्हणून हेडलाइट मंद होतात, बॅटरीचा लाल दिवा लुकलुकतो. बेल्ट तुटलाच तर हा दिवा आधी लागतो आणि काटा त्यानंतर चढतो. तो दिवा दिसताच गाडी बाजूला घेतली तर इंजिन वाचतं.

पण काट्यावर विश्वास ठेवण्याआधी तो खरं बोलतोय का, ते बघावं. इंजिनावर पाण्यात बुडलेला एक छोटा सेन्सर असतो. पाणी तापलं की त्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो आणि काटा सरकतो. सेन्सरची वायर काढून इग्निशन चालू करा, काटा खाली राहिला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, काटा वर धावला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक आहेत, मग सेन्सरकडे आणि इंजिनाकडे बघायचं. हेडलाइट लावल्याबरोबर काटा हलत असेल, तर दोष उष्णतेचा नाही, अर्थिंगचा आहे. पेट्रोलचा काटाही सोबत वेडंवाकडं दाखवत असेल, तर मीटरच्या मागची वायरिंग तपासावी.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती चढलेला काटा अचानक खाली पडतो तेव्हा. मालकाला वाटतं, गाडी थंड झाली. पुष्कळदा पाणी इतकं कमी झालेलं असतं, की सेन्सर उघडा पडून त्याला पाण्याचं तापमान कळेनासं होतं. इंजिन मात्र तापतच असतं. 800 चं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. ते वाकलं, गॅस्केट उडालं, की खर्च हजारांत जातो.

गाडी कुठे गरम होते, यावरूनही बरंच कळतं. 800 चा पंखा विजेवर चालतो. ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा, त्याचा स्विच, फ्यूज बघावा. हायवेला वेगात तापते, तर पंख्याला हात लावू नये. तिथे रेडिएटर चोक असतो, पाणी कमी असतं किंवा पंप कमजोर असतो.

आता आवाज. स्टार्ट करताना किंवा हेडलाइट लावल्यावर येणारी लांब किंकाळी म्हणजे बेल्ट ढिला आहे किंवा गुळगुळीत होऊन चकाकतोय. ठरावीक लयीत चिवचिव आली तर पुल्या एका रेषेत नाहीत. इंजिन चालू असताना लांबूनच, हात आणि बाही दूर ठेवून, बेल्टवर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर गप्प होऊन पुन्हा आला तर पुली वाकडी असण्याची शक्यता जास्त. घरघर ऐकू येत असेल तर बेअरिंगचा संशय घ्यावा. अशा वेळी बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवायचं. घरघर थांबली तर दोष पंपात किंवा अल्टरनेटरमध्ये आहे. मग इंजिन बंद करून दोन्ही पुल्या हातानं फिरवायच्या, हलवून बघायच्या. ताण मात्र बेतानं द्यावा. अंगठ्यानं जोर दिल्यावर बेल्ट साधारण 6 ते 9 मिलिमीटर दबला पाहिजे. आवाज जावा म्हणून कचकचून ताणला, तर पंपाचं बेअरिंगच खलास होतं.

भुईंजचे एक निवृत्त गुरुजी अशीच गाडी घेऊन आले होते. दुसरीकडे सेन्सर बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला, बेल्टवर स्प्रे मारला, तरी दोन्ही तक्रारी कायम. मी विचारलं, "गुरुजी, पाणी कधी भरता?"

"रोज सकाळी तांब्याभर. पण गाडीखाली कधी थेंब दिसत नाही हो."

रोज तांब्याभर पाणी लागतं, म्हणजे ते कुठेतरी जातंच. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं. गुरुजींच्या पंपाच्या त्या भोकाखाली पांढरट ओघळ वाळलेले होते. गळती फक्त गाडी चालताना होत होती. फिरता बेल्ट ते पाणी उडवत होता, गरम इंजिनावर ते सुकत होतं आणि ओला बेल्ट घसरून ओरडत होता. पंप, बेल्ट आणि नवं कुलंट, एवढ्यात काम झालं.

त्यांचा थर्मोस्टॅटही मी परत बसवला. गाडी तापते म्हणून तो काढून टाकायची सवय आपल्या भागात फार आहे आणि मला ती साफ चुकीची वाटते. थर्मोस्टॅट म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, तो साधारण 82 अंशांना उघडायला लागतो. तो नसला तर इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, लवकर झिजतं आणि मूळ दोष झाकला जातो. शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून तो उघडतो का ते बघता येतं.

रेडिएटरचं झाकण मात्र गरम गाडीवर कधीच उघडू नका. चांगल्या झाकणाच्या दाबाखाली साधं पाणी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते उकळतं पाणी तोंडावर येतं. असे भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत. तासभर उशीर होऊ दे, पण थांबा.

आणि गॅरेजमध्ये गेलात तर पार्ट बदलण्याआधी मेकॅनिकला विचारा, हाच खराब आहे हे कशावरून? त्यानं दाखवलेली खूण स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि काढलेला पार्ट मागून घ्या.