अकारविल्हे आडनावं

फिलिपिन्समध्ये ३१ डिसेंबर १८४४ हा दिवस उगवलाच नाही. स्पॅनिश गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी तो कॅलेंडरातून काढून टाकला. मेक्सिकोच्या बाजूने आलेल्या स्पॅनिशांची तारीख आशियातल्या शेजाऱ्यांपेक्षा एक दिवस मागे चालत होती. सोमवारनंतर थेट बुधवार आणून त्यांनी हिशेब जुळवला. असा माणूस आडनावांचा घोळ किती दिवस खपवून घेणार?

घोळ होताच. ख्रिस्ती झालेल्यांनी संतांची, धर्मचिन्हांची नावं मनाला येईल तशी उचलली होती. दे ला क्रूझ आणि दे लोस सान्तोस तर हजारोंनी होते. करवसुलीला नेमका माणूस सापडेना. लग्न लावताना वधूवरांचं नातं किती जवळचं, ते पाद्र्याला दप्तरावरून कळेना. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी हुकूम सुटला आणि त्याच्या जोडीला ६० हजारांहून अधिक आडनावांचं अकारविल्हे पुस्तक आलं. त्यात स्पॅनिश आडनावं होती, तसेच स्थानिक शब्द आणि झाडंझुडपं, खनिजं यांची नावंही.

गंमत वाटपात आहे. प्रांताच्या अधिकाऱ्याने गावाची वस्ती पाहून यादीचा तेवढा भाग तिथल्या पाद्र्याकडे धाडायचा आणि घरच्या कर्त्याने त्यातून एक आडनाव निवडायचं. आल्बाय प्रांतात हे काम इतक्या इमानाने झालं, की राजधानीपासून गावोगाव अक्षरं क्रमाने पसरली. ओआस गावाच्या वाट्याला ‘आर’ आला. तिथल्या जुन्या घराण्यांची आडनावं आजही त्याच अक्षराने सुरू होतात. आपल्याकडे किहीमवरून केहिमकर, चौलवरून चौलकर झाले, कोकणातल्या बेने इस्रायलींनीही हीच रीत उचलली. तिथे गावाचं नाव आडनावात शिरलं. आल्बायमध्ये कारकुनाच्या यादीने नकळत तेच काम केलं. त्यामुळे एखादा फिलिपिनो ‘गार्सिया’ भेटला, तर त्याचा पणजोबा स्पॅनिश होता असं धरून चालू नये. बहुधा ते पान त्याच्या गावी आलं होतं, एवढंच.

(सक्तीची आडनावं ही काही वसाहतींचीच मिरास नव्हे. तुर्कस्तानाने १९३४ साली कायदा करून प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावलं. मुस्तफा केमाल ‘अतातुर्क’ झाले ते त्याच वर्षी.)

सरकारी आडनावाचा सर्वांत अनपेक्षित उपयोग मात्र एका शाळकरी मुलाने केला. कालाम्बा गावच्या मेर्कादो कुटुंबाचे चिनी पूर्वज व्यापारी. मेर्कादो म्हणजे बाजार. क्लावेरियांच्या हुकुमानंतर वडिलांनी ‘रिझाल’ हे आडनाव घेतलं, पण व्यवहारात घर मेर्कादोच राहिलं. १८७२ मध्ये फादर बुर्गोस यांना बंडाच्या आरोपावरून देहदंड झाला. थोरला भाऊ पासियानो बुर्गोस यांच्या जवळचा, म्हणजे मेर्कादो हे नाव संशयाचं. म्हणून मनिलाच्या शाळेत धाकट्या होसेचं नाव ‘रिझाल’ म्हणून घातलं. १८८७ साली त्याची ‘नोली मे तांगेरे’ कादंबरी निघाली आणि आडोशासाठी घेतलेलं नावच सरकारला खुपू लागलं. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिशांनी त्याला गोळ्या घातल्या.

हुकुमात एक पळवाट होती. जे घराणं चार पिढ्या एकच आडनाव लावत होतं, त्याला ते राखायची मुभा होती, मग ते संताचं का असेना; दे ला क्रूझ, दे लोस सान्तोस अशा गर्दीच्या नावांना मात्र ती नव्हती. तरीही ज्या नावाच्या गर्दीला क्लावेरिया वैतागले होते, ते दे ला क्रूझ आजही फिलिपिन्समधलं सर्वाधिक आढळणारं आडनाव आहे.