हसा मुलींनो, हसा!

फेब्रुवारी 1938 च्या ‘डाउन बीट’मध्ये एक निनावी लेख छापून आला. शिकागोहून 1934 पासून निघणारं हे मासिक अमेरिकेतले जॅझवादक डोळ्यांत तेल घालून वाचत. बायका वादक म्हणून पुरुषांपेक्षा कमीच, असं या लेखाचं म्हणणं. त्या मनानं अस्थिर, म्हणून त्यांच्या वाजवण्यात सातत्य नाही. फुंकताना चेहरा वेडावाकडा होतो याची त्यांना लाज वाटते, म्हणून त्या जीव ओतून फुंकत नाहीत. अपवाद केला होता तो फक्त मोजक्या कृष्णवर्णीय बायकांचा. लेखाखाली सही नव्हती.

त्याला उत्तर आलं लॉस एंजेलिसहून, आणि ते नावानिशी आलं. लिहिणारी होती पेगी गिल्बर्ट, वय 33, सॅक्सोफोनवादक आणि बायकांच्या बँडची प्रमुख.

जॅझच्या इतिहासग्रंथांत पेगीला फारसं पान मिळत नाही. तिच्या नावावर गाजलेलं रेकॉर्डिंग नाही, कुठली शैली तिनं घडवली असंही नाही. पण मोठ्या शहरात हॉर्न (सॅक्सोफोन, ट्रंपेट अशी फुंकवाद्यं) फुंकून पोट भरणाऱ्या बाईचा दिवस कसा जात असे, हे समजून घ्यायचं तर पेगीइतकी चांगली साक्षीदार दुसरी नाही.

जन्म 1905 चा, आयोवातल्या सू सिटीचा. मूळ आडनाव क्नेख्टगेस. ते लोकांच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनं आईचं माहेरचं गिल्बर्ट हे आडनाव घेतलं. वडील व्हायोलिन वाजवत. शाळेत तिनं सॅक्सोफोन मागितला तेव्हा हे वाद्य मुलींना शोभत नाही असं सांगून तिला परत पाठवलं. शाळा संपल्यावर ती ते शिकली, गावातच ‘मेलडी गर्ल्स’ हा बँड उभा केला आणि 1928 मध्ये लॉस एंजेलिस गाठलं.

मुहूर्त वाईट होता. बोलपट नुकते आले होते आणि मूकपटांच्या थिएटरांतले वादक रस्त्यावर येऊ लागले होते. पेगी व्होडव्हिलच्या, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या, फिरत्या कार्यक्रमांत वाजवू लागली. मग हॉटेलं, बॉलरूम, रेडिओ, सिनेमा. काम देणारा बदलला की बँडचं नावही बदलायचं: कधी ‘सिम्फॉनिक्स’, कधी ‘को-एड्स’, कधी थेट ‘मेट्रो गोल्डविन ऑर्केस्ट्रा’. वादक बऱ्याचदा त्याच. सिनेमात बायकांचा बँड दिसला म्हणजे तो ऐकूही येत होता असं मात्र नाही. पडद्यावर वाजवण्याचा नुसता आव आणायचा आणि ध्वनिपट दुसऱ्यांनी भरायचा, ही पद्धत स्टुडिओंत रुळलेली होती. त्या कामाला ‘साइडलाइन’ म्हणत आणि त्याचे वेगळे पैसे मिळत.

स्टेजवर वेगळी कटकट. अंगात लांब गाऊन, गळ्यातल्या पट्ट्याला टांगलेला जड सॅक्सोफोन, आणि विंगेतून मॅनेजरचा धोशा: हसा मुलींनो, हसा! ज्यानं कधी सॅक्सोफोन तोंडाला लावला असेल त्याला यातली अडचण सांगावी लागणार नाही. खालचा ओठ दातांवर दुमडून वेताची पट्टी त्यावर टेकवायची आणि ओठांच्या कडा भोवतीनं घट्ट आवळून धरायच्या. हसू म्हणजे नेमक्या त्याच कडा सैल सोडणं. सूर तिथेच घसरतो. तोंडात मुखनळी असताना माणूस हसेल कसा, ही पेगीची तक्रार आयुष्यभर राहिली, आणि ती शंभर टक्के तांत्रिक होती.

‘डाउन बीट’ला दिलेल्या उत्तरात तिनं तक्रारीचा रोख आणखी वर नेला. बाईला काम मिळतं ते रूप बघून. तरुण आणि देखणी असेल तोवर मिळतं, आणि एका ठिकाणी टिकून हात बसावा इतका काळ मिळत नाही. नावाजलेल्या बँडांत शेजारी बसून ज्या गोष्टी पोरं शिकतात, त्या शिकायची जागाच तिला नाही. सर्वांत अपयशी पुरुषाच्या बरोबरीची म्हणून मान्यता मिळवायलाही बाईला हजार पटींनी सरस असावं लागतं, असं तिनं लिहिलं. मासिकानं हा मजकूर एप्रिलच्या अंकात छापला खरा, पण वर मथळा आपल्या मर्जीचा दिला. ब्रेसियर घालून हॉर्न फुंकायचा तरी कसा, असा त्या मथळ्याचा अर्थ. मुद्देसूद युक्तिवादाच्या डोक्यावर अंतर्वस्त्राचा विनोद! पेगीला ते फार लागलं. ज्या पुरुष वादकांबरोबर रोज उठबस करायची, ज्यांच्याकडून कामं यायची, त्यांच्यासमोर तिला हास्यास्पद करून ठेवलं होतं. आज तो मथळा वाचतानाही संताप येतो.

पण आपल्या उत्तरात तिनं नेमकी जागा पकडली होती. हॉर्नवादकाचं शहरातलं आयुष्य छाती किती मोठी यावर ठरत नाही. कामाला माणसं जमवणारा कंत्राटदार पहिला फोन कोणाला करतो, त्यावर ठरतं. लॉस एंजेलिसमध्ये एका रात्रीच्या कामाला, म्हणजे लग्नाला, पार्टीला, क्लबातल्या नाचाला, ‘कॅज्युअल’ म्हणतात. दुपारी फोन, रात्री काम. त्या यादीत नाव नसेल तर घरी दिवसभर केलेला रियाज घरातच राहतो.

दुसऱ्या महायुद्धात चित्र पालटलं. पुरुष सैन्यात गेले आणि बायकांच्या बँडना मागणी आली. 1944 मध्ये पेगी सैनिकांसाठी अलास्कापर्यंत वाजवून आली. युद्ध संपलं, पुरुष परतले, फोन थांबले. मग 1949 मध्ये पेगीनं वादकांच्या युनियनच्या, ‘लोकल 47’ च्या कचेरीत नोकरी धरली आणि पुढची सुमारे वीस वर्षं तिथे काढली. याला काही जण तिची माघार म्हणतील. तसं म्हणणं अन्यायाचं आहे. कोणाला काम हवं, कोण आजारी, कोणाची वर्गणी थकली, हे तिथे रोज समोर येत होतं. 1979 पासून युनियनच्या ‘ओव्हर्चर’ या नियतकालिकात ती फक्त बायका वादकांविषयी सदर लिहू लागली.

पण पेगी तिथे रुजू झाली तेव्हा ‘लोकल 47’ ही गोऱ्यांची युनियन होती. त्या निनावी लेखकानं अपवाद म्हणून सोडलेल्या कृष्णवर्णीय बायकांचं कार्ड वेगळं, ‘लोकल 767’ चं, आणि कचेरी सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका जुन्या घरात. वरच्या मजल्यावर तालमी चालत. दोन्ही युनियन एकत्र झाल्या थेट 1 एप्रिल 1953 रोजी. सिनेमा आणि रेडिओची चांगल्या पैशांची कामं तोवर बहुतांशी पहिल्या युनियनच्या वादकांकडेच जात.

या दुसऱ्या लॉस एंजेलिसमध्ये क्लोरा ब्रायंट 1945 मध्ये आली. टेक्ससच्या डेनिसनची, जन्म 1927. भाऊ सैन्यात जाताना ट्रंपेट घरी ठेवून गेला, तो तिनं उचलला. प्रेअरी व्ह्यू कॉलेजच्या मुलींच्या बँडमध्ये तयार झाली. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या ‘डाउनबीट’ नावाच्याच क्लबात तिनं हॉवर्ड मगीचा ट्रंपेट ऐकला आणि बीबॉप या नव्या जॅझशैलीनं तिला धरलं ते कायमचं. पुढे ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीनं तिला शिष्येसारखं जवळ केलं.

ट्रंपेटला काम नसेल तेव्हा तिनं ‘क्वीन्स ऑफ स्विंग’मध्ये ड्रम वाजवले. 1951 मध्ये व्हायोलिनवादक जिंजर स्मॉकच्या सहा बायकांच्या बँडमधून ती टीव्हीवर आली. कार्यक्रम सहा आठवड्यांत बंद झाला. याच वर्षी आपल्याकडे ‘अलबेला’ या सिनेमात चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवत होता. त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि क्लोराही आर्मस्ट्राँगची हुबेहूब नक्कल करून दाद घेई. नक्कल चालायची, तिचं स्वतःचं वादन विकायला मात्र कंपन्या तयार नव्हत्या. 1957 च्या ‘गॅल विथ अ हॉर्न’ या तिच्या अल्बमवर तिला ट्रंपेटबरोबर गावंही लागलं.

याच सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या ट्रॉम्बोनवादक मेल्बा लिस्टनची कहाणी याहून कठोर. सोळाव्या-सतराव्या वर्षी ती लिंकन थिएटरच्या वाद्यवृंदात व्यावसायिक झाली. 1949 मध्ये बिली हॉलिडेबरोबरचा दक्षिणेतला दौरा कोलमडला आणि सगळे अडकून पडले. त्यानंतर तिनं ट्रॉम्बोन बाजूला ठेवून शिक्षण मंडळात कारकुनी केली. 1955 च्या ‘द प्रॉडिगल’मध्ये ती हार्प घेऊन लाना टर्नरच्या मागे फिरताना दिसते. दौऱ्यांवर आपल्यावर बलात्कार झाले, हे तिनं पुढे मुलाखतींत स्पष्ट सांगितलं. गिलेस्पीनं तिला पुन्हा बँडमध्ये आणलं तेव्हा पुरुष सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. तिनं केलेली संगीतरचना स्टँडवर आली, वाजवून पाहिली, आणि कुरकुर थांबली. पुढे पियानोवादक रँडी वेस्टनच्या संगीतामागे तिचीच लेखणी होती. तिनं वाजवलं त्याहून लिहिलं जास्त, आणि जॅझ त्याबद्दल तिचं देणं लागतं.

पेगीनं 1974 मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ‘डिक्सी बेल्स’ हा बँड काढला. सगळ्या जणी जुन्या, मुरलेल्या वादक. 1981 मध्ये हा बँड जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’वर झळकला. आता कोणी रूप बघून बोलावत नव्हतं. 2007 च्या फेब्रुवारीत पेगी गेली तेव्हा तिचं वय 102 होतं.

क्लोरानं सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना पत्र लिहिलं आणि 1989 मध्ये ती सोव्हिएत युनियनमध्ये वाजवून आली. तिथे दौरा करणारी ती पहिली स्त्री जॅझवादक. 1996 मध्ये हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली आणि ट्रंपेट सुटला. मग ती गात राहिली, आणि सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या वादकांच्या मुलाखतींचं ‘सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू साउंड्स’ हे पुस्तक 1998 मध्ये निघालं, त्याच्या संपादकांत तिचं नाव आहे. मेल्बाची मुलाखतही त्यात आहे. 25 ऑगस्ट 2019 रोजी लॉस एंजेलिसमध्ये क्लोराचं निधन झालं.

‘गॅल विथ अ हॉर्न’ हा तिच्या स्वतःच्या नावावरचा एकमेव अल्बम. तो जरूर मिळवा. गाणं ओलांडून ट्रंपेट येतो तिथे थांबा, दोनदा ऐका, आणि 1938 च्या त्या निनावी लेखाचा निकाल तुम्हीच लावा.