नोंद सक्तीची, वर्दी संमतीने

तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांतील एखादी विवाहिता मारहाणीच्या खुणा घेऊन सरकारी रुग्णालयात येते, तेव्हा बहुधा नवराच तिच्या शेजारी उभा असतो आणि ‘जिन्यावरून पडली’ हे उत्तरही तोच देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत तामिळनाडूतील सुमारे ३८ टक्के विवाहितांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील नियम १७ असे सांगतो की, घटनेचा अहवाल आधी झालेला नसल्यास रुग्णालयाच्या प्रमुखाने नमुना १ भरून तो संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे पीडितेला न्यायालयापर्यंत साहाय्य करणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याकडे, पाठवावा. शारीरिक, लैंगिक, मानसिक व आर्थिक अशा प्रत्येक प्रकारच्या हिंसेसाठी या नमुन्यात तारीख, स्थळ, वेळ आणि करणाऱ्याचे नाव यांचे रकाने आहेत.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे रकाने भरायला डॉक्टरांजवळ वेळ नसतो, आणि एकदा वैद्यकीय-न्यायिक प्रकरण, म्हणजे एमएलसी, नोंदले की साक्षीच्या तारखा मागे लागतात, ही त्यांची तक्रार रास्त आहे. घरोघर फिरणाऱ्या ग्राम आरोग्य परिचारिकेची अडचण याहून अवघड असते, कारण तिला त्याच दारात पुन्हा जायचे असते, आणि आपण दिलेल्या वर्दीमुळे ते दार बंद झाले तर पुढच्या वेळी ती बाई दवाखान्यापर्यंत तरी येईल का, ही धास्ती तिला असते.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने यातून वाट काढली. तिथे नवऱ्याला बाहेर ठेवून बाईशी एकांतात बोलले जाते. कोणी, कशाने, कुठे मारले हे तिच्याच शब्दांत केसपेपरवर उतरते. घरी परतणार असेल तर सुरक्षिततेची आखणी तिच्याबरोबर केली जाते. आणि पोलिसांकडे जायचे की नाही, हे तीच ठरवते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत जोडीदाराच्या हिंसेची पोलिसांना सक्तीने वर्दी देण्याची शिफारस केलेली नाही.

इजेची नोंद सक्तीची असावी, वर्दी मात्र बाईच्या संमतीवाचून जाऊ नये, आणि ही अट नियम १७ मध्ये स्पष्ट शब्दांत घालावी.