घोडीच्या तोंडात काय जातं?

आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे. माथेरानला आमचं घर घोड्यावर चालतं. गावात मोटारगाडीला बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे पाहुणे पायी, रिक्षानं किंवा आमच्या भरवशावर येतात. घोडा फिरवतात बहुतेक पुरुष, पण चारा-पाणी, खरारा, लगाम काढणं-घालणं बऱ्याच घरांत आपल्याकडेच असतं. म्हणून हे तुमच्याशी बोलते.

आमची चांदणी दोन वर्षांपूर्वी एकदम बिघडली. मान झटकायची, तोंड वासायची, लगाम दिसला की मागे सरायची. एकदा तर पाठीवर लहान मुलगी असताना तिनं डोकं असं वर फेकलं की मुलगी पडता पडता वाचली. घरात ठरलं, घोडी माजली, हिला कडक लगाम आणा. मामंजींनी तर विकायचीच भाषा काढली. त्याच आठवड्यात जनावरांचे डॉक्टर आले होते. त्यांनी आधी तिचं तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, "वहिनी, इथं बोट लावून बघा." ओठाच्या कोपऱ्यात आत जखम होती, जुनी, पुन्हा पुन्हा सोललेली. तिचा खरारा रोज मी करत होते, पण तोंडात कधी बघितलं नव्हतं.

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी दांडी तिथं बसते. शहरातले रायडिंगवाले तिला बिट म्हणतात, आपण सगळ्यालाच लगाम म्हणतो. खालच्या जबड्याच्या त्या जागी कातडी अगदी पातळ आणि खाली लगेच हाड. आपल्या नडगीवर पाट्याचा कोपरा लागला की कसं होतं, तसं समजा. त्यात बऱ्याच घोड्यांना वरच्या दाढांच्या पुढे एक बारका जादा दात असतो. दांडी त्याच्यावर आपटली की घोडा बिथरतो आणि आपण म्हणतो, खोडसाळ आहे. तो दात काढायचा की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आमची दांडी मामंजींच्या जुन्या, मोठ्या घोड्याची होती. चांदणीचं तोंड लहान. दांडी एका बाजूनं बाहेर यायची, मग मधला सांधा सरकून जिभेला चिमटा बसायचा. माप घेणं काही अवघड नाही. गुळगुळीत काठी दांडीच्या जागी आडवी धरा, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खूण करा आणि दोन्हीकडे पाव-पाव इंच जास्त धरा. चांदणीला साडेचार इंची लागली. दुकानदार म्हणेल, सगळ्यांना पाच इंचीच बसते. ऐकू नका.

जाडीचं मात्र तोंड बघून ठरवायचं. बारीक दांडी तारेसारखी रुतते, म्हणून जाड चांगली. पण लहान तोंडात फार जाड घातली तर जिभेला जागा उरत नाही. आपल्या करंगळीएवढी बऱ्याच घोड्यांना चालते. मध्ये एकच सांधा असेल तर लगाम ओढल्यावर दोन्ही बाजू अडकित्त्यासारख्या जवळ येतात. दोन सांधे आणि मध्ये गुळगुळीत तुकडा असलेली दांडी जिभेवर सपाट बसते. आम्ही तीच घेतली.

काटेरी लगाम तर घेऊच नका. घोड्याच्या तोंडात काटे किंवा टोकं असलेली दांडी घालायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. कायदा सोडला तरी हिशोब बघा. दुखतं म्हणून घोडा डोकं फेकतो, त्यावर आणखी दुखणारं घातलं तर तो पळणारच, आणि पाठीवर कुणाचं तरी लेकरू असतं.

विकत घेताना माझी एक युक्ती. जुनी मलमलची ओढणी सोबत न्यायची आणि दांडीवरून, सांध्यांवरून, कड्यांच्या भोकांवरून फिरवायची. धागा अडकला तर ओठही अडकणार, ती परत ठेवायची. घरातल्या जुन्या दांडीवरही महिन्यातून एकदा ओढणी फिरवा, सांधे झिजून धार येते.

लगाम चढवल्यावर ओठाच्या कोपऱ्यात जेमतेम एक सुरकुती पडावी. दोन-तीन पडल्या तर गालाचे पट्टे आखूड झालेत. दांडी लोंबत असेल तर घोडा जीभ तिच्यावरून काढायला शिकतो, आणि ती सवय सुटता सुटत नाही. काम संपलं की दांडी धुवा, वाळलेली लाळ आणि चारा घासतो. जखम असेल तर ती भरेपर्यंत तोंडात लोखंड नको, नुसती म्होरकी ठेवा आणि पाठीवर कुणाला बसवू नका.

आमची घोडी त्यासाठी जवळजवळ तीन आठवडे घरी बसली. तेही हंगामात. घरात कुरबुर झाली, ती खोटी कशाला सांगू? उधारी झाली, ती दिवाळीत फिटली. आता थंडीच्या सकाळी मी दांडी दोन्ही हातांत धरून जरा ऊब आणते, शेजारणी हसतात. चांदणी ती हुंगते आणि मान खाली करून आपणहून तोंड उघडते.