साथीच्या काळात प्रश्न कोण विचारणार?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आज कॉलेजात असलेली आपल्या मंडळातली बरीच मुलं सातवी-आठवीत होती. त्यांना त्या दिवसांबद्दल विचारलं की ऑनलाइन वर्ग, गॅलरीत वाजवलेल्या थाळ्या, चौकातले पोलिसांचे अडथळे आणि नंतर कोविनवर स्लॉट मिळावा म्हणून मोबाइल धरून बसलेले आईबाबा आठवतात. पण 'घराबाहेर पडू नका' असं सांगण्याचा अधिकार सरकारला कुठल्या कायद्याने मिळाला, हे मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. त्यातला एक कायदा आपल्याच मुलखातल्या साथीतून जन्मला, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. साथ पसरू लागली आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा. सरकारला गरज वाटेल ते नियम करता येतील, नियम मोडणाऱ्याला भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा होईल, आणि या कायद्याखाली 'सद्भावनेने' काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हा त्याचा सगळा ऐवज. नियम किती दिवस चालतील, चुकीच्या कारवाईची भरपाई कोण देईल, दाद कुठे मागायची, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

असा कायदा हातात असला म्हणजे काय होतं, ते पुण्याने लगेच पाहिलं. प्लेग कमिटीचे प्रमुख वॉल्टर रँड यांनी घरांच्या झडतीसाठी गोऱ्या सैनिकांची पथकं लावली. ती माजघरात, देवघरात शिरत. बायकांची तपासणी होई. सामान बाहेर काढून जाळलं जाई. एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यायला हवी. लोकांचा विरोध उपचारांना होता असं सरसकट म्हणता येत नाही. टिळकांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला होता. सावित्रीबाई फुले तर प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. राग होता तो पद्धतीचा, आणि तक्रार ऐकायला कोणी नसल्याचा. पंडिता रमाबाईंनी सरकारी प्लेग रुग्णालयातल्या कारभाराबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, तर सरकारने आरोपच नाकारले.

२२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढच्याच महिन्यात टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. खटल्यात पुढे केलेला 'केसरी'तला मजकूर शिवाजी उत्सवाबद्दलचा होता, पण त्यामागचं वातावरण प्लेगचं होतं. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी ठरवलं, तिघा भारतीयांनी निर्दोष म्हटलं, आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. पुण्याच्या नातू बंधूंना तर १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटला न चालवताच तुरुंगात ठेवलं. खून करणारे वेगळे, शिक्षा भोगणाऱ्यांत लिहिणारे आणि बोलणारेही. हा भाग शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात उरकतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता सरळ २०२० मध्ये येऊ. मधल्या काळात देशाला राज्यघटना मिळाली होती. घटनेत राष्ट्रीय आणीबाणीची कारणं ठरलेली आहेत: युद्ध, परकीय आक्रमण, सशस्त्र बंड. साथ त्यात नाही. शिवाय १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर आणीबाणीतही जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम २१, स्थगित करता येत नाही. म्हणजे टाळेबंदीच्या एकाही दिवशी आपले मूलभूत हक्क रद्द झालेले नव्हते. त्यांच्यावर निर्बंध आले होते, आणि निर्बंधाला कारण द्यावं लागतं.

निर्बंध लागणारच होते, यात वाद नाही. १ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीला गेलेल्या आरोग्यपथकावर जमावाने दगडफेक केली. अशा प्रकारांनंतर त्याच महिन्यात केंद्राने अध्यादेश काढून आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. इतरांचा जगण्याचा हक्क राखायचा तर माझ्या हिंडण्याफिरण्यावर बंधन येणं रास्तच आहे. पण ते ठरवणार कोण, आणि त्याला जाब विचारणार कोण?

इथे घोडं अडलं. देशभरची टाळेबंदी चार तासांच्या अवधीने जाहीर झाली, तीही प्रामुख्याने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. संसद आदल्याच दिवशी तहकूब झाली होती. सप्टेंबरमध्ये अधिवेशन भरलं ते प्रश्नोत्तराच्या तासाशिवाय. लेखी प्रश्न तेवढे ठेवले. अशाच एका लेखी प्रश्नाला कामगार मंत्रालयाने उत्तर दिलं, की घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले याची आकडेवारी ठेवलेली नाही. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले होते. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे ते पायी निघाले होते. इतकी चर्चा झालेल्या मृत्यूंनंतरही सरकारच्या वहीत एकूण आकडा नव्हता.

आणि लिहिण्याबोलण्याचं काय? मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने १८९७ च्याच कायद्याखाली जे नियम काढले, त्यात कोविडबद्दलची माहिती आरोग्य खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय माध्यमांतून देऊ नये असं एक कलम होतं. हेतू अफवा रोखण्याचा. पण खातं ज्याला अफवा म्हणेल तेवढीच अफवा, अशी त्याची रचना होती.

न्यायालयांची चाल सुरुवातीला सावध होती. मजुरांच्या पायपिटीबद्दल १५ मे रोजी एक अर्ज आला, तेव्हा लोक चालतच राहिले तर आम्ही कसं थांबवणार, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मग ९ जूनला त्याच न्यायालयाने मजुरांना पंधरा दिवसांत घरी पोहोचवा आणि टाळेबंदी मोडल्याबद्दल त्यांच्यावर घातलेले खटले मागे घेण्याचा विचार करा, असा आदेश दिला. तोवर बहुतेकांचे तळवे फुटून झाले होते.

आम्हा बडोदेकरांना जवळचा निकाल १ ऑक्टोबर २०२० चा. गुजरात सरकारने १७ एप्रिलच्या अधिसूचनेने कारखान्यांना बारा तासांची पाळी लावायची सूट दिली होती, तीही जादा कामाला दुप्पट मजुरी न देता. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत ज्यांच्या घरचं कोणी कामाला आहे, त्यांना चार तास जादा उभं राहणं म्हणजे काय ते सांगायला नको. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती अधिसूचना रद्द केली. कारखाना कायद्यात 'सार्वजनिक आणीबाणी' म्हटली आहे ती देशाच्या सुरक्षेला धोका निर्माण होण्याइतकी गंभीर असते. साथीमुळे आलेली आर्थिक मंदी त्यात बसत नाही, असं न्यायालय म्हणालं, आणि मजुरांना जादा तासांची मजुरीही द्यायला लावली. हा लढा एका कामगार संघटनेने दिला होता.

बेळगावकडच्या वाचकांना हद्दीचा प्रश्न आठवत असेल. निपाणीजवळ कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून आत सोडत नसत. ज्याचं दुकान एका बाजूला आणि बहीण दुसऱ्या बाजूला, त्याला या कागदाची किंमत कळली. केरळ-कर्नाटक हद्दीवर तर रस्त्यावर मातीचे ढीग टाकले होते. मंगळूरच्या इस्पितळांवर अवलंबून असलेल्या कासरगोडच्या रुग्णांसाठी केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० रोजी ते रस्ते मोकळे करायला सांगितलं.

मग दुसरी लाट आली. ऑक्सिजन सिलिंडर, खाट, इंजेक्शन यांसाठी तुमच्यातल्या कितीतरी जणांनी इन्स्टाग्राम आणि ट्विटरवर मदतीच्या हाका पुढे पाठवल्या असतील. काही ठिकाणी अशा पोस्टवरच कारवाई सुरू झाली. ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून चालवलेल्या प्रकरणात सगळ्या राज्यांना आणि पोलिसप्रमुखांना बजावलं: मदत मागणाऱ्या नागरिकाचं तोंड बंद केलंत, तर तो न्यायालयाचा अवमान समजू. १८९७ मध्ये पुण्याच्या माणसाला अशी ढाल नव्हती.

त्याच प्रकरणात न्यायालयाने लसीचं धोरणही तपासलं. पंचेचाळीसच्या वरच्यांना सरकारी केंद्रात लस मोफत, आणि अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांनी मात्र राज्यांच्या किंवा खाजगी इस्पितळांच्या भरवशावर राहायचं, हे सकृद्दर्शनी मनमानी आहे, असं ३१ मेच्या आदेशात म्हटलं. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याने कोविनवर नाव कसं नोंदवायचं, हाही प्रश्न होता. आठवड्याभरात पंतप्रधानांनी सर्व प्रौढांना २१ जूनपासून मोफत लस देण्याची घोषणा केली. पुढे २ मे २०२२ च्या निकालात कोणाला बळजबरीने लस देता येणार नाही, मात्र समाजाच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी मर्यादा घालू शकतं, असंही ठरलं.

या सगळ्यातून माझ्या हाती लागलेली गोष्ट साधी आहे. निर्बंधाचा आदेश आला की तो मोडायच्या किंवा मान डोलवायच्या आधी वाचायचा. तो कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली काढला आहे, त्यावर सही कोणाची, तो कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, आणि पोलिसांनी गाडी जप्त केली तर पावती कोण देणार, एवढं त्यात शोधायचं. सापडलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारायचं. नगरसेवक, आमदार यांना पत्र लिहायला तर वकिलाचीही गरज नसते. आपल्या मंडळातली तरुण मुलं व्हॉट्सॲपवर आलेला आदेश खरा की खोटा हे मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. आजीआजोबांना तो आदेश मराठीत समजावून सांगणं हेही नागरिकाचंच काम.

१८९७ चा कायदा आजही लागू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात तो अपुरा असल्याचं सांगून दुरुस्ती किंवा नवा कायदा सुचवला. त्याच वर्षी १ जुलैला दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि कलम १८८ च्या जागी कलम २२३ आलं. आदेश मोडल्यामुळे लोकांच्या जिवाला धोका झाला, तर पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद होती. ती आता एक वर्षापर्यंत आहे. आदेश काढणाऱ्याला जाब विचारण्यासाठी १८९७ च्या त्या कायद्यात मात्र अजून एकही कलम वाढलेलं नाही.