निवड झाली, पुढे काय?

महाराष्ट्र सरकार 1954-55 पासून शिष्यवृत्ती परीक्षा घेत आले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या हुशार मुलाची सरकारदरबारी पहिली नोंद होते ती याच परीक्षेत. पुढे 1963 मध्ये राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजना आली, 1986 च्या शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालये दिली आणि 2008 मध्ये आठवीच्या गरजू मुलांसाठी एनएमएमएस शिष्यवृत्ती सुरू झाली. या सत्तर वर्षांचा जमाखर्च मांडला तर सरकारी व्यवस्थेने हुशार मूल हेरण्यासाठी बरेच केले, पण त्याला त्याच्या कुवतीचे शिकवण्याची जबाबदारी क्वचितच घेतली, असेच म्हणावे लागते.

शिष्यवृत्ती परीक्षेचेच पाहा. शिक्षक शाळा सुटल्यावर जादा तास घेतात, बुद्धिमत्ता चाचणीच्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतात. निकालानंतर गुणवत्ता यादी लागते, सत्कार होतो, थोडीफार रक्कम मिळू लागते. मूल मात्र त्याच वर्गात, त्याच पुस्तकासमोर, त्याच गतीने शिकत राहते. जादा तास तर परीक्षेबरोबरच संपलेले असतात. 2016 मध्ये ही परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेली, कारण शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत धरला होता. पण जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत. तिथल्या शिक्षकांचा या तयारीशी संबंधच तुटला. 2025 मध्ये परीक्षा पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. एवढ्या सगळ्या हालचालीत चर्चा झाली ती इयत्तेची. निवडलेल्या मुलाला पुढे काय शिकवायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. प्रज्ञाशोध परीक्षा तर 2021 नंतर बंदच पडली.

याला ठळक अपवाद नवोदयचा. 1985-86 मध्ये पहिली दोन विद्यालये हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला सुरू झाली. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, राहणे-जेवण आणि शिक्षण मोफत. इथे निवडीनंतर सात वर्षांचे शिक्षणही मिळते, म्हणून नवोदयने अनेक खेड्यांतल्या मुलांचे आयुष्य बदलले. पण सहावीला एका विद्यालयात फार तर 80 जागा असतात. यादीत थोडक्यात हुकलेले मूल गावच्या शाळेत परतते आणि तिथे त्याच्यासाठी वेगळे काहीच नसते.

यावर पहिला आक्षेप रास्त वाटतो. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे ‘असर’ची सर्वेक्षणे वर्षानुवर्षे सांगत आहेत. मग आधी मागे राहिलेल्यांकडे पाहायचे की पुढे गेलेल्यांकडे? पण दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच आहे: मूल कुठे पोचले आहे हे न पाहता सगळ्यांना एकाच पानावर ठेवणे. दुसरा आक्षेप असा, की हुशार मूल आपले आपण शिकते. ज्या घरात पुस्तके आहेत, क्लासची फी भरता येते, तिथे हे खरे ठरेल. शेतमजुराच्या मुलीला शाळेखेरीज दुसरा आधार नसतो. म्हणून हुशार मुलांकडे दुर्लक्ष करून समता साधत नाही. त्यातल्या गरीब मुलांचेच सर्वाधिक नुकसान होते.

उपायांना मोठा खर्चही लागत नाही. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतातच. तिसरीच्या मुलाला गणितापुरते चौथीबरोबर बसवायला परवानगी आणि शिक्षकाचा विश्वास पुरतो. केंद्रशाळेत महिन्यातून एकदा परिसरातल्या अशा मुलांना एकत्र आणता येईल. 2020 च्या धोरणाने विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी पूरक साहित्य आणि शिक्षकांची तयारी यांचा उल्लेख केलाच आहे. शासनाने आता आणखी एक परीक्षा काढू नये. ज्यांची निवड आधीच झाली आहे, त्यांना त्यांच्याच शाळेत पुढचे शिकवण्याची तजवीज करावी.